लिटल नीमोची कुठली एडिशन घ्यावी? आधी एकच पान निवडा

परवा एका मित्राचा फोन आला, म्हणे अरे ते लिटल नीमो घ्यायचंय, पण शोधायला गेलो तर पाच-सहा वेगवेगळी पुस्तकं दिसतायत, एक स्वस्तातलं, एक डोळे पांढरे करणारं, आणि सगळ्यांवर नाव तेच आणि कव्हरवर तोच पांढऱ्या नाइटशर्टातला पोरगा, तर यातलं घेऊ कुठलं? मी म्हटलं आधी झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच, या जुन्या कॉमिक स्ट्रिपच्या बाबतीत पुस्तक निवडायची सुरुवात झेरॉक्सच्या दुकानातून होते, का ते पुढे सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नीमो म्हणजे तो नारिंगी मासा नव्हे. हा नीमो त्याच्या कितीतरी आधीचा, १५ ऑक्टोबर १९०५ ला न्यूयॉर्क हेरल्ड या पेपरच्या रविवारच्या रंगीत पुरवणीत आलेला. चित्रकार विन्सर मॅके. गोष्ट अगदी सोपी, छोटा नीमो रात्री झोपतो, स्वप्ननगरीचा राजा मॉर्फिअस त्याला आपल्या राजकन्येशी खेळायला बोलावतो, नीमो निघतो आणि वाटेत काहीतरी गडबड होऊन शेवटच्या चौकटीत पलंगावरून खाली पडलेला किंवा घाबरून उठून बसलेला दिसतो. दर रविवारी हेच. आणि तरीही दर रविवारी वेगळं, कारण मॅके पानाची मांडणीच बदलायचा, चौकटी लांब व्हायच्या, आडव्या पसरायच्या, मधेच एक मोठं वर्तुळ यायचं. म्हणजे गोष्ट चौकटीच्या आत जेवढी घडते तेवढीच चौकटींच्या आकारात घडते. हे डोक्यात ठेवा, कारण एडिशनची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

हेरल्डच्या त्या पानाचा आकार साधारण १६ बाय २१ इंच. म्हणजे ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच. आजचा आपला पेपर घ्या आणि एका पानाची रुंदी पट्टीने मोजा, त्याहून कमीच भरेल. आणि हे अख्खं पान एका स्ट्रिपला! मॅकेने चित्र काढलं ते या पानासाठी, जमिनीवर पसरून पालथं पडून बघायच्या पानासाठी. ते पान तुम्ही शाळेच्या ऍटलासएवढ्या पुस्तकात दाबून बसवलंत की काय होतं? चित्रं तरी बरी दिसतात, पण संवादाचे फुगे गेले. मॅकेची चित्रकला स्वर्गातली आणि अक्षर मात्र, माफ करा, शेवटच्या मिनिटाला उरलेल्या जागेत कोंबल्यासारखं. फुगे छोटे, त्यात अक्षरं दाटीवाटीने, मूळ आकारातसुद्धा काही ठिकाणी डोळे बारीक करावे लागतात.

मी स्वतः फसलोय म्हणून सांगतो. पहिल्यांदा घेतलं ते लहान आकाराचं होतं, किंमत बघून घेतलं, 'कम्प्लीट' लिहिलेलं बघून तर जास्तच आनंदाने घेतलं, आणि पंधरा दिवसात लक्षात आलं की आपण नुसती चित्रं बघतोय, वाचत काहीच नाहीये. चाळिशीचा चष्मा लागायच्या आधीची गोष्ट आहे ही. आता तर ते पुस्तक भिंग घेऊनच उघडतो.

तर पद्धत अशी. सगळ्या एडिशनांची तुलना करायला एकच पान निवडा. फिरत्या पलंगाचं पान घ्या, २६ जुलै १९०८ चं. नीमोच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात, पलंग चालायला लागतो, खिडकीतून बाहेर पडून शहरातून घरांच्या वरून टांगा टाकत जातो आणि शेवटी धडपडतो. जसे पाय वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात. हे पान निवडायची कारणं तीन, एक म्हणजे ते इतकं प्रसिद्ध आहे की जवळपास प्रत्येक मोठ्या संग्रहात असतंच, दुसरं यात रात्रीचे गडद रंग आणि फिके रंग दोन्ही आहेत, तिसरं म्हणजे पुस्तक विकणारे नमुना म्हणून जी पानं दाखवतात त्यात हे बऱ्याचदा सापडतं. जोडीला १९०५ मधलं एखादं सुरुवातीचं पान ठेवा, कारण पहिले काही महिने मॅके प्रत्येक चौकटीखाली छापील मजकूरही द्यायचा आणि तो बारीक मजकूर म्हणजे एडिशनची खरी परीक्षा. पुढे ते बंद झालं, बरं झालं.

आता हे पान फुकट मिळतं, आणि कायदेशीर मिळतं. मॅके १९३४ मध्ये गेला, भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, अमेरिकेतही इतकं जुनं छापील साहित्य मोकळं झालंय. विकिमीडिया कॉमन्सवर, इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या पेपरच्या पानांचे स्कॅन आहेत. फक्त एक बघा, इमेजची रुंदी किमान ३००० पिक्सेल तरी हवी, त्याच्या खालची उतरवून मोठी प्रिंट काढलीत तर अक्षरं फाटणारच आणि तुम्ही उगाच मॅकेला शिव्या द्याल. (नव्या एडिशनमध्ये जे लेख, टिपा, प्रस्तावना असतात त्या मात्र मोकळ्या नसतात, ते स्कॅन करून वाटू नका.)

ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तीन प्रिंट काढा. एक ए-फोर, एक ए-थ्री, आणि एक ए-टू. पहिल्या दोन कुठलाही झेरॉक्सवाला देतो. ए-टूसाठी आर्किटेक्ट लोकांची ड्रॉइंग काढून देणारा प्लॉटरवाला शोधा, प्रत्येक गावात एखादा असतोच, इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपास नक्की. ए-टू म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, मूळ पान जवळजवळ जसंच्या तसं त्यावर बसतं, थोडा समास उरतो. ही ए-टूची प्रिंट काढताना 'फिट टू पेज' करू नको, मूळ साइज ठेव, असं त्याला दोनदा सांगा, कारण पहिल्यांदा सांगितलेलं तो ऐकत नाही.

घरी येऊन तीनही प्रिंट शेजारी शेजारी ठेवा आणि वाचायला लागा. संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, जसं तुम्ही रोज वाचता तसं. ए-फोरवर मूळ रुंदी निम्मी होते, म्हणजे मूळ ३ मिलिमीटरचं अक्षर दीड मिलिमीटरचं. ए-थ्रीवर साधारण पाऊणपट राहतं. कुठल्या प्रिंटवर तुम्हाला न थांबता वाचता येतंय ते ठरवा, झालं, तुमच्या एडिशनचा कमीत कमी आकार ठरला. विक्रेत्याच्या पानावर पुस्तकाची लांबी-रुंदी दिलेली असतेच, ती या मापांशी ताडून बघायची. माझ्या बायकोला ए-थ्री पुरेसं वाटलं, मला ए-टूच हवंसं वाटलं, आणि भाच्याने ए-फोर घेऊन पळ काढला कारण त्याला फुग्यातलं वाचायचंच नव्हतं, त्याला पलंग बघायचा होता. तिघंही बरोबर आहेत.

मग प्रश्न रंगाचा. इथे लोक घोटाळा करतात, जास्त चकचकीत ते चांगलं असं धरून चालतात. मूळ छपाई कशी होती ते कळलं की हा गैरसमज जातो. मॅके काळ्या शाईत चित्र काढायचा, रंगांच्या सूचना द्यायचा, आणि रंग चढवायचं काम छापखान्यात व्हायचं, बारीक टिपक्यांच्या जाळ्या वापरून. लाल, पिवळा, निळा आणि काळा, एवढ्यातूनच सगळं. ते साध्या न्यूजप्रिंटवर छापलेलं, जे मुळातच पांढरंशुभ्र नसतं आणि शंभर वर्षांत चहात बुडवल्यासारखं होतं. म्हणजे मॅकेचं मूळ चित्र हातात आलं तरी त्यात रंग नाहीत. (ती मूळ चित्रं बरीच गहाळच होती, १९६६ मध्ये वुडी गेलमन नावाच्या माणसाला मॅकेचा मुलगा बॉब जिथे काम करायचा त्या स्टुडिओत त्यातली बरीचशी सापडली, मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. हा बॉब म्हणजेच नीमोचा मॉडेल, बापाने पोराला बघून नीमो काढला.) रंगीत पान हवं तर एकच मार्ग, कोणीतरी त्या काळचा जपून ठेवलेला पेपर शोधायचा आणि स्कॅन करायचा. बाजारातल्या रंगीत एडिशन अशा जुन्या पेपरांवरूनच आल्यात, फरक पडतो तो पुढे काय केलं त्यात.

पुढे काय करतात? पिवळट कागद पांढरा करायचा मोह होतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की कागद पांढरा होतो खरा, पण त्याच्याबरोबर फिका पिवळा आणि फिका गुलाबी आधी उडतो, नीमोच्या गालावरची झाक जाते, ढग कोरे होतात. काळी रेघ मात्र जाड होते आणि बारीक अक्षरांच्या पोटातली पोकळी भरून जाते, मग ओ, ए आणि ई एकसारखे दिसायला लागतात. दुसरा घोळ टिपक्यांचा. जुन्या छपाईचे टिपके असतातच, नवीन छपाई पुन्हा आपले टिपके घालते, आणि दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की कसे लाटांसारखे पट्टे दिसतात तसं आकाशाच्या रंगात दिसायला लागतं. नमुना पान झूम करून आकाशाचा मोठा भाग बघा, असे पट्टे दिसले तर समजा स्कॅनवर मेहनत घेतलेली नाही. एक मात्र कबूल करायला हवं, आकार लहान केला की टिपके एकमेकांत मिसळतात आणि रंग जास्त सलग वाटतो, म्हणून छोट्या एडिशनची पानं मोबाइलवर बघताना जास्त सुंदर वाटू शकतात. मोबाइलवर बघून ठरवू नका असं म्हणतो ते यासाठीच.

तपासायचं काय तर फिरत्या पलंगाच्या पानात पलंगाची चादर बघा, तिथे नुसता कोरा कागद दिसतोय की कागदाचा हलका रंग राहिलाय. मग काळी रेघ बघा, काळीच आहे की तपकिरी. मग पानाच्या कडा बघा, सगळ्यात वरची शीर्षकपट्टी पूर्ण आहे का, बाजूच्या चौकटी कापल्यात का. आणि तारीख. चांगली एडिशन प्रत्येक पानाची तारीख देते. तारीख नसली तर तुम्हाला कधीच कळत नाही की मधली चार पानं गाळलीत, कारण ही गोष्ट स्वप्नांची, स्वप्नात तसंही एकातून दुसरं कधी निघेल सांगता येत नाही!

इंद्रजाल कॉमिक्समध्ये मराठीत वेताळ (म्हणजे फँटम) वाचत मोठे झालेल्यांना हे पटकन कळेल, पेपरात रोज येणारी पट्टी पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापायच्या, पुन्हा जुळवायच्या, कुठे फुगा मोठा करायचा, हे आपण लहानपणी न कळता बघितलंय. वेताळाला ते चालून गेलं कारण तिथे गोष्ट पळत होती. नीमोमध्ये चौकटी हलवल्या तर गोष्टच उरत नाही. नीमोच्या नावावर मुलांसाठी म्हणून चौकटी सुट्या करून छापलेलं काही दिसलं तर भेट द्यायला ठीक आहे, पण ती मॅकेची एडिशन म्हणून धरू नका.

आता 'कम्प्लीट' या शब्दाबद्दल. नीमो तीन तुकड्यांत आला. पहिला हेरल्डमधला, १९०५ ते जुलै १९११, तीनशे रविवार. मग मॅके हर्स्ट या बड्या पेपरमालकाच्या पेपरात गेला, पण नाव हेरल्डकडे राहिलं, म्हणून तिथे तीच पात्रं 'इन द लँड ऑफ वंडरफुल ड्रीम्स' या नावाने १९१४ पर्यंत चालली. मग दहा वर्षांनी, १९२४ मध्ये पुन्हा जुन्या नावाने सुरू झाली ती आणखी दोन-अडीच वर्षं. पुस्तकावर कम्प्लीट लिहिलेलं असलं तरी सालं बघा. बऱ्याच ठिकाणी कम्प्लीट म्हणजे १९०५ ते १९१४, शेवटचा तुकडा त्यात नसतोच.

तो शेवटचा तुकडा नसला तर बिघडलं का? माझं मत विचाराल तर फारसं नाही. १९२४ नंतरच्या पानांत सगळ्या चौकटी सारख्या आकाराच्या, एका पानावर बारा, शिस्तीत बसवलेल्या. चित्र अजून मॅकेचंच आहे, हात थरथरत नाही, पण पानाशी खेळायची ती मस्ती गेली. खरा माल १९०५ ते १९०९ मधला. बर्फाचा महाल, आरशांचे आणि उलट्यापालट्या खोल्यांचे ते दालन जिथे नीमो आणि मंडळी छतावरून चालतात, अवाढव्य झालेला नीमो शहरातल्या इमारतींवर चढतो ते पान, सगळं इथलंच. एवढं मिळालं तरी पोट भरतं. संशोधन करणाऱ्याला किंवा माझ्यासारख्या हावरटाला सगळं लागतं, ते वेगळं.

एकेक एडिशन बघू. जुन्यातलं म्हणजे डोव्हरने १९७६ मध्ये काढलेलं बर्फाच्या महालाचं रंगीत पेपरबॅक, पातळसं, थोडीच पानं. सेकंडहँडमध्ये कुठे सापडलं, फाउंटनच्या फुटपाथवर किंवा आप्पा बळवंत चौकात, तर चव घ्यायला घेऊन टाका, तुलना करत बसायचं नाही.

फँटाग्राफिक्सचे सहा खंड, १९८९ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत आलेले, संपादक रिचर्ड मार्शल. सलग क्रमाने १९०५ ते १९१४ अशी पानं एकत्र बघायची तर कितीतरी लोकांसाठी पहिली नीट सोय ही होती, त्यामुळे या खंडांबद्दल मनात आदर ठेवूनच बोलावं. आकार मधला, मूळ पानाच्या बराच खाली. आता हे खंड नवे मिळत नाहीत, सुटे सुटे सापडतात, आणि एखादा खंड हटकून मिळत नाही तो शोधण्यात लोकांची वर्षं जातात. सहाच्या सहा एकदम मिळत असतील आणि विकणारा वेडा नसेल तरच विचार करा, कारण याच काळाची पानं नंतर २००० साली एव्हरग्रीनने एका जाड खंडात काढली. तो एकखंडी ग्रंथ आटोपशीर, मांडीवर घेऊन वाचता येणारा, सेकंडहँडमध्ये अजून फिरतो. तुमची झेरॉक्स परीक्षा ए-फोरच्या थोडं वर पास होत असेल तर तो घ्यायला हरकत नाही, नाहीतर भिंग जवळ ठेवा.

मग संडे प्रेस. इथे जरा थांबतो कारण हे पुस्तक म्हणजे एका माणसाचं वेड आहे. पीटर मरेस्का नावाचा संग्राहक, त्याला वाटलं की नीमोला शंभर वर्षं होतायत तर ती पानं मूळ आकारातच छापली पाहिजेत, प्रकाशक तयार होईनात कारण एवढं मोठं पुस्तक छापणार कोण आणि ठेवणार कुठे, मग त्याने स्वतःच प्रकाशन काढलं आणि २००५ मध्ये 'सो मेनी स्प्लेंडिड संडेज' बाजारात आणलं. १६ बाय २१ इंच. शंभरावर पानं, सगळी नाहीत, निवडक. २००८ मध्ये दुसरा खंड आला. किंमत पहिल्यापासूनच शंभर डॉलरच्या वर. पण ते उघडल्यावर काय होतं ते सांगतो, तुम्ही ते हातात धरून वाचूच शकत नाही, टेबलावर किंवा सतरंजीवर ठेवावं लागतं, डोकं पानावरून फिरवावं लागतं, म्हणजे १९०५ मधली पोरं जशी वाचत असतील तसंच. फिरत्या पलंगाच्या उंच चौकटी बघायला मान खरोखर वर-खाली करावी लागते. लहान पुस्तकात ती उंची नुसती कळते, इथे ती जाणवते.

मी ते पहिल्यांदा बघितलं मावसभावाकडे, न्यू जर्सीला. मग त्यालाच एक प्रत घ्यायला लावली आणि सुट्टीत येताना आण म्हणून मागे लागलो. केबिन बॅगची मर्यादा ५५ बाय ३५ सेंटिमीटर, पुस्तक ५३ बाय ४०, म्हणजे उंचीला बसतंय आणि रुंदीला नाही, शेवटी मावशीने त्याला कधीकाळी दिलेली सोलापुरी चादर पुस्तकाभोवती गुंडाळून चेक-इनमध्ये टाकलं. एक कोपरा किंचित दबला, चादर शाबूत आली.

टाशेनचं २०१४ चं पुस्तक, अलेक्झांडर ब्राउनने संपादित केलेलं. हे खऱ्या अर्थाने संपूर्ण, ५४९ रविवारांची पानं, १९२० च्या दशकातला तुकडासुद्धा. २०१५ मध्ये याला कॉमिक्समधला आयझनर पुरस्कार मिळाला. आकार ३४.४ बाय ४४ सेंटिमीटर, म्हणजे मूळ पानाच्या लांबी-रुंदीच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे, ए-थ्रीपेक्षा मोठं, ए-टूपेक्षा लहान. अक्षरं वाचता येतात, मला चष्मा लावून आरामात. सोबत मॅकेवर सविस्तर अभ्यास आहे, तो आधी वाचू नका, आधी दोन वर्षांची पानं बघा मग वाचा. वजन मात्र जबरदस्त, पोटावर ठेवून वाचायचा विचारही करू नका. एकच पुस्तक घ्यायचं, सगळं हवं, आणि जागा आहे, अशा माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. फक्त नंतर याच प्रकाशकाकडून लहान आकाराच्या आणि भाग पाडलेल्या आवृत्त्याही निघाल्यात, कव्हर आणि नाव जवळपास सारखंच असतं, म्हणून ऑर्डर देताना सेंटिमीटर, पानसंख्या आणि आयएसबीएन तिन्ही तपासा. नाव बघून ऑर्डर दिली आणि आलं भलतंच अशी पाळी माझ्या ओळखीत दोघांवर आलीये.

म्हणजे तुलना शेवटी होते ती टाशेन आणि संडे प्रेसमध्ये. मूळ आकाराची निवडक पानं की ऐंशी टक्के आकारात सगळी? मला विचाराल तर वाचायला टाशेन आणि बघायला संडे प्रेस, आणि दोन्ही परवडत नसेल तर स्वस्तातली एकखंडी एडिशन घ्या आणि सगळ्यात आवडती चार पानं ए-टूवर चांगल्या मॅट कागदावर छापून घ्या. हा उपाय हास्यास्पद वाटेल पण माझ्याकडे फिरता पलंग भिंतीवर आहे तो असाच. प्लॉटरवाल्याने विचारलं होतं कुठल्या बिल्डिंगचा प्लॅन आहे म्हणून.

मुलांसाठी घेणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. यात इम्पी नावाचं पात्र आहे, आफ्रिकन माणसाचं त्या काळच्या अमेरिकेतलं विद्रूप व्यंगचित्र, जाड ओठ, गवताचा घागरा, निरर्थक बोलणं. फ्लिपसुद्धा आहे, हिरव्या तोंडाचा, सिगार ओढणारा, टोपीवर 'वेक अप' लिहिलेला, तो मात्र धमाल आहे, नीमोचं स्वप्न मोडायचं हेच त्याचं काम. प्रामाणिक संपूर्ण एडिशनमध्ये इम्पी असणारच, तो काढून टाकलेला असेल तर त्या एडिशनने बाकी काय काढलं याची शंका घ्या. पण आठ वर्षांच्या पोराच्या हातात देताना शेजारी बसा.

हीच पद्धत दुसऱ्या जुन्या स्ट्रिपांनाही चालते, फक्त प्रश्न थोडे बदलतात. प्रिन्स व्हॅलियंट घ्या, हॅल फॉस्टरची १९३७ पासूनची. तिथे संवादाचे फुगेच नाहीत, मजकूर चित्राखाली किंवा कोपऱ्यात छापलेला, म्हणून आकार लहान झाला तरी वाचनाचं तेवढं अडत नाही. तिथे खरा फरक मूळ कुठून घेतलं याचा. फँटाग्राफिक्सने २००९ पासून जे हार्डकव्हर खंड काढले ते सिराक्यूज विद्यापीठात जपलेल्या फॉस्टरच्या रंगीत प्रुफांवरून, पेपरच्या कात्रणांवरून नाही, आणि याच प्रकाशकाचे आधीचे पेपरबॅक शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही फरक कळेल. म्हणजे तिथे ए-टूची प्रिंट काढायची गरज नाही, फक्त 'कशावरून छापलंय' हे विचारायचं.

मागवण्याबद्दल. २०१९ च्या बजेटपासून बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्युटी आहे, ती धरा. पण खरा मार ड्युटीचा नसतो, आकाराचा असतो. आंतरराष्ट्रीय कुरियर बहुतेक वेळा प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त ते लावतात, घनफळाचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे संडे प्रेससारखं पातळ पण अवाढव्य पुस्तक, खोकं ६० बाय ४७ बाय ८ धरलं, तर साडेचार किलोचं भाडं, प्रत्यक्षात वजन कमी असलं तरी. त्यामुळे ऑर्डरच्या आधी शिपिंग किती हे विचारा, आणि पॅकिंग कसं आहे त्याचा फोटो मागा. एका विक्रेत्याने मला एवढं मोठं पुस्तक नुसत्या पातळ पाकिटात पाठवलं होतं, चारही कोपरे लाडवासारखे गोल होऊन आले. तेव्हापासून कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावा असं लिहूनच देतो.

सेकंडहँड घेताना फोटो मागायचे ते कव्हरचे नाही, शिवणीचे. मोठी पुस्तकं स्वतःच्या वजनाने शिवणीतून सुटतात, विशेषतः कोणी उभी ठेवली असतील तर. पुस्तक बरोबर मध्ये उघडून, वरून फोटो काढा म्हणायचं. जो टाळाटाळ करतो त्याचं घेऊ नका.

घरी आलं की ते आडवं ठेवायचं, उभं कधीच नाही, आणि वर दुसरं काही नाही. नेहमीच्या कपाटात ते मावणार नाही हे मी आधीच सांगतो म्हणजे सुताराला बोलावणं होणार नाही. आमच्याकडे टाशेन आणि संडे प्रेस, दोन्ही पुस्तकं पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, जुन्या सुती साडीत गुंडाळून, चार सिलिका जेलच्या पुड्या टाकून, डांबराच्या गोळ्या नाही कारण वास कागदात बसतो तो जात नाही. पावसाळ्यात दोनदा बाहेर काढून पंख्याखाली उघडी ठेवतो, कसर लागलीये का ते पानापानाने बघावं लागतं, आणि त्यात अख्खा रविवार जातो.